गरम चिलीम

मी सासऱ्यांचं कौतुक केलं की तुम्ही हसता, पण त्या दिवशीचे त्यांचे उपकार ऐकाच. लग्नाला तीन महिने झाले होते आणि तंजावुरातल्या एका शाळेत मी नुकतीच शिकवायला लागले होते. मद्रासच्या हॉटेलांत फळांच्या वासाचा हुक्का मिळतो, असं आमची नववीची मुलं मिटक्या मारत सांगायची. म्हणून हेडमिस्ट्रेसनी मला हुक्क्याच्या दुष्परिणामांवर बोलायला लावलं.

वर्गात दाखवायला मी मामंजींचा पितळी हुक्का मागितला. जड म्हणून ते स्वतःच घेऊन आले आणि मागच्या बाकावर बसले.

"कोणाचा हा, टीचर?" एका मुलीनं विचारलं.

सासऱ्यांची अब्रू! मी म्हटलं, "जुना आहे. आता कोणी ओढत नाही."

तिनं चिलमीला बोट लावलं. "अय्यो टीचर, गरम आहे!"

वर्ग खिदळला. तेवढ्यात मामंजी उठले.

"माझाच तो. आत्ता ओढून आलो. पाण्यातून धूर धुऊन येतो, काही होत नाही, असं मीही सगळ्यांना सांगायचो. आज तुमचा एक जिना चढलो, तर..."

पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. या वेळी कोणी हसलं नाही.

घरी परतताना त्यांचे हात रिकामे दिसले. "मामंजी, हुक्का शाळेतच राहिला!"

"राहू दे गो. ज्याच्यापायी सुनेला खोटं बोलावं लागतं, ते घरात कशाला?"