चीनले गेलेला हिरवा धागा

मागं उभ्या राहिलेल्या बायांनो, पुढं येऊन बसा. खाला असती तर तिनंच बसवलं असतं तुमाले. अस्लमभाऊ, वैनी, अन् ह्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनातले माहे सारे जोडीदार, मले बोलता येत नाई. उभा जन्म मी रुईच्या गाठी बांधनारा प्रेस चालवला, माइक आज पहिल्यांदा धरला. पन आज नाई बोललो तर मले मरनही नीट येनार नाई.

हमिदाखाला गेली. अस्लमभाऊची माय, पन आमा साऱ्यायची खाला, मावशी. आज आपुन सतरंजी टाकली, तिथं रुईचे ढीग असत. बायांच्या ओळीत खाला पहिली बसे. रुईतून केस, सुतळी, पन्नीचा तुकडा, रंगीत धागा वेचून काढाचा, हे तिचं काम. दिसाले सोपं आहे. करून पाहा.

आठवते का तुमाले, चीनवाल्यायनं आपली रुई घेनं सुरू केलं ते वर्ष? पेपरात रोज येई, चीन मोठा झाला, भारतही मोठा होऊन राहिला, आता जग ह्या देशायच्या तालावर चालनार. खाला मले विचारे, "पुंडलिक, देश मोठा होऊन राहिला म्हन्तात, मंग ह्या बायांले बसाले पोतं काहून नाई भेटत?" मी हसो. पन खरं सांगतो, तवा जिन दिवसरात चाले. चीनच्या गिरन्यायले रुई लागे अन् अकोल्यात आपल्या चुली पेटत.

त्यायची अट एकच. गाठीत रंगीत धागा नको. मंग खालानं फाटकावर नियम केला. डोक्याले पांढरा फडका, हातात गंडा नाई, दोरा नाई. एका नव्या नवरीच्या मनगटाचा हळदीचा दोराही तिनं उतरवाले लावला. ती पोरगी लय रडली होती. ती इथंच बसली आहे.

त्याच साली माही पिंकी तापानं फनफनली. डॉक्टरनं हात टेकले. खाला दर्ग्यावर गेली, हिरवा धागा आनला अन् माह्या मनगटाले बांधला. म्हने, "पोरीच्या नावानं बांधून राहिली. गाठ सैल ठेवली आहे. जिनात येताना घरी खुंटीले ठेवून येजो."

मी नाई ठेवला. भेव वाटे. मी धागा उतरवला अन् तिकडं पोरीचा जीव गेला तं? बाही खाली ओढून मी प्रेसवर उभा राहो. एक दिवस सुट्टीच्या टायमाले हात धुतले, तं मनगट रिकामं. गाठी बांधून ट्रकवर चढल्या होत्या. कोनाले बोललो नाई. त्याच हप्त्यात पिंकीचा ताप उतरला. मी मनाशी म्हटलं, देवानं धागा घेतला.

मंग चीनवरून फोटो आला. पांढरं कापड अन् त्यात हिरवी रेघ. पुढचा माल थांबवला त्यायनं. मालकानं साऱ्यायले उभं करून विचारलं, धागा कोनाचा? हिरवा रंग पाहून साऱ्या नजरा खालाकडं वळल्या. त्यात माहीही होती. लाज वाटते सांगाले, पन होती.

खालानं माह्या मनगटाकडं पाह्यलं. मंग पुढं आली अन् म्हने, "तो माह्या हातचा आहे."

बस, एवढंच बोलली. साऱ्यायचे दोरे उतरवनारीले त्याच फाटकातून बाहेर काढलं. मी उभा होतो.

मी तिच्या घरी गेलो. बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधून राहिली होती. म्हटलं, खाला, उद्या साऱ्यायले सांगतो. तिनं विचारलं, "पिंकी शाळेत जाते न?"

जाते, म्हटलं.

"मंग चूप राय. तुहं काम गेलं तं तिची शाळा जाईन."

पुढं चीननं बाहेरचा कापूस घेनंच कमी केलं. त्यायचे गोदाम भरले होते म्हने. कुठं ठरलं, कोनं ठरवलं, आपल्याले कोनी विचारलं नाई. ह्या जिनाले कुलूप लागलं. अन् लोक काय म्हनले? खालाच्या धाग्यानं जिन बुडवलं. तवा तं माहंही काम गेलं होतं. आता काय राखाचं होतं मले? तरी मी नाई बोललो. ती बाजारात भाजी विकत राहिली, मी तिच्याकडूनच मेथी घेत राहिलो. ती दरवेळी एक जुडी वरून टाके.

पिंकी आज अमरावतीले दवाखान्यात नर्स आहे. तिले मी हे काल सांगितलं. ती तिकडं भिंतीपाशी बसली आहे. कालपासून माह्यासंग बोलली नाई.

अस्लमभाऊ, तुह्या मायनं नियम नाई मोडला. धागा माह्या हातून पडला होता. तुले पायजे ते म्हन मले. मी ऐकाले उभा आहे.

आता सारे उभे राहा. इतके वर्षं मी माह्यासाठी चूप राहिलो. दोन मिनिटं तिच्यासाठी राहू.

खाला, सलाम.