भुरीचा दुसरा कान

आधी तुमी मला सांगा ताई, हे जे तुमी लिहिताय ते पालिकेत तर नाय ना जायचा? नाय म्हणता, बेस. पण सगळीच नाय म्हणतात. कुत्र्यांची गाडी घेऊन आला तो माणूसबी पहिल्या दिवशी, नाय आजी, नुसता बघायला आलोय, असाच बोलला होता. बरा, बसा, त्या गोणीवर बसा, खाली सुकटीचा वास आहे. भुरीला हात लावू नका. चावत नाय ती, पण आता तिचा काय सांगता येत नाय, आणि तिचा काय, कोणाचाच सांगता येत नाय.

माझा नाव बुधी. बुधवारची जन्मले म्हणून बुधी, आमच्यात असाच असतो, बहीण सोमी, भाऊ शुक्र्या. दाभोशाच्या अलीकडं नदीच्या अंगाला आमचा पाडा, भात-नागली पिकेल तेवढी खायची, आणि माझा बास, म्हणजे बाप, त्याला कुत्र्यांचा भारी नाद. आमच्या घरात कुत्र्याला दावा नाय बांधत, पट्टा नाय घालत. पिलू घरात आणला की बास काय करायचा, कोयतीनं त्याच्या डाव्या कानाचा शेंडा उतरवायचा, एवढासाच, वर चुलीतली राख दाबायची आणि तो तुकडा घराच्या उंबऱ्याखाली पुरायचा. बस. मंग तो कुत्रा रानात जाऊ दे, दुसऱ्या पाड्यावर कुत्रीच्या मागं जाऊ दे, फिरून घरालाच येणार, कान उंबऱ्याखाली आहे ना त्याचा. तुमी हसता. हसा. एकबी कुत्रा आमचा परका झाला नाय, एक बिबट्यानं नेला तो सोडून, आणि बिबट्याला काय इलाज.

लगीन होऊन मी अठं जव्हारच्या कडेला आले, तवा हे बंगले नव्हते, सगळा माळ होता. नवरा हमाली करायचा, मी बाजारात सुकी मासळी विकायची, जवळा, बोंबील, अजून विकते. नवरा गेला. पोरगा भिवंडीला गोदामात लागला तो तिकडचाच झाला, फोन करतो, कैसी है आई, बोलतो. आरं मेल्या, मी बोलते, तुझ्या आईला मराठी नीट येत नाय आणि तू मला हिंदी शिकवतो! तर मी एकटी पडले, म्हणून भावाकडून भुरी आणली, मुठीएवढी होती. कान मीच उतरवला, बासाचीच कोयती, आणि पुरला ह्याच उंबऱ्याखाली, तुमचा पाय आहे ना तठंच. राहू द्या, राहू द्या, पाय असला तर काय होत नाय. बाजारात ती माझ्या पाटीशेजारी बसायची, मांजराची काय बिशाद जवळ यायची. आणि घरात कोण दाराशी आला तर आधी भुरी उठणार, मंग मी. दुसरा कोण आहे मला उठवायला?

मंग ती पालिकेची गाडी आली. जाळ्यावाली, मागं पिंजरा. बोलले, कुत्री लई वाढली, धरून नेणार, ऑपरेशन करणार आणि नेली तठंच आणून सोडणार. आणून सोडणार! माझा भाऊ मला कधीपासून सांगतो, बुधे, मोखाड्याच्या घाटात कोणी तरी अनोळखी कुत्री आणून टाकतो, उपाशी, तिकडच्या पाड्यांवर येऊन कोंबड्या उचलतात. कोण टाकतो, कोणी बघितला नाय. मी बोलले, आता कळला, हेच टाकतात.

मी भुरीला पोटाशी धरून दारात बसले. तो जाळ्यावाला आला, तिचा कान बघितला, मागच्याला बोलला, हिचा झालाय, चल पुढं. आणि गेले. मला काय कळला नाय, मी बोलले, बासाचा उंबरा पावला. मंग शेजारची मंजुळा आली धापा टाकत, तिचा मोत्या थोडक्यात वाचलेला, ती सांगते, आगं आजी, ऑपरेशन केलेल्या कुत्र्याचा हे लोक डावा कान कापतात, खूण म्हणून, तुझ्या भुरीचा आधीच कापलेला ना! काय सांगू तुमाला, दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली माझ्या दारात, जो तो आपला कुत्रा घेऊन. आजी, आमच्याबी कुत्र्याचा उतरव. उतरवले मी. राख दाबली, आणि ज्याचा तुकडा त्याच्या उंबऱ्याखाली पुरून घेतला, नुसता कापून दिला नाय, रीत ती रीत. खोटा बोलले का मी? मला कोणी विचारलाच नाय.

पण कुत्रीची जात, ती काय खुणेला विचारते? भुरी व्याली. हे समोर बंगलेवाले साहेब आहेत ना, ऑफिसातून रिटायर झालेले, त्यांच्या स्कूटरमागं आमची कुत्री धावतात म्हणून पहिल्यापासून डोळा होता त्यांचा. कुंपणापाशी उभे राहून पिला बघत बसले. मला बोलले, बुधीबाई, ऑपरेशन झालेल्या कुत्रीला पिला कशी? मी बोलले, देवाची करणी. ते हसले नुसते. पालिकेत फोन त्यांनीच केला असणार. ते नाय म्हणतात. मी सांगितला ना, सगळीच नाय म्हणतात.

पिला मोठी झाली, वाटून दिली, आणि गाडी परत आली. ह्या वेळी कान-बिन काय नाय, दिसला कुत्रा की टाक पिंजऱ्यात. एक डॉक्टरीणबाई होती, पोरीच्या वयाची. मी बोलले, माझी घरची कुत्री आहे. ती बोलली, पट्टा कुठं आहे? मी बोलले, आमी पट्टा नाय घालत, तिचा कान माझ्या उंबऱ्याखाली आहे. ती बघतच राहिली माझ्याकडं. बोलली, आजी, तुमीच कापता का हे कान? मला वाटला तुरुंगातच टाकते आता. आणि भुरी पिंजऱ्यातून माझ्याकडं बघत होती, भुंकली नाय, रडली नाय, नुसती बघत होती. मी गाडीच्या मागं धावले, माझ्या वयाला शोभतो का असा, पण धावले.

मी बाजाराला गेले नाय. पालिकेच्या ऑफिसात जाऊन बसले, तर बोलले, येईल आजी, जखम सुकू द्या. मी बोलले, घाटात टाकली ना? ते बोलले, कोण बोलला तुमाला? बघा, कोण बोलला विचारतात, नाय टाकली असा सरळ बोलत नाय! मंग मी जीपनं मोखाड्याच्या घाटात गेले, भाऊ होता बरोबर. भुरी, भुरी, हाका मारल्या. झुडपातून कुत्री आली, हडकलेली, शेपट्या हलवत, जशी सगळ्यांचीच नावा भुरी. आणि त्यांतल्या दोघांच्या गळ्यात पट्टे होते ताई, चांगले, दुकानातले. पालिका काहाला पट्टा घालेल? पट्टा घरवाले घालतात. म्हणजे घरवालेच आणून टाकतात. मला तठंच रडायला आला. पिशवीतला सगळा जवळा त्यांना टाकला आणि आले. त्या दिवसापासून तर मी कोणावरच भरवसा ठेवत नाय, पट्टेवाल्यांवर तर मुळीच नाय.

आणि मंग ते बोलले होते तशीच गाडी आली, आमच्याच गल्लीत, आणि भुरी उतरली. अंगानं बरी, उलट भरलेली. मी तिला धरली, बघते तर उजवा कान कापलेला! मी डॉक्टरणीवर ओरडले, आगं बाई, डावा होता ना! ती बोलली, आजी, ह्या गल्लीतल्या डाव्या कानावर आमचा भरवसा नाय राहिला, आता इकडं उजवाच खरा. मंग मी विचारला, तुकडा कुठं आहे? कसला तुकडा? कानाचा. ती बोलली, टाकला असेल. कुठं टाकला, ते तिला सांगता येईना.

आता तुमीच बघा. गाडीचा आवाज आला की गल्लीतली सगळी कुत्री पळतात, लपतात, आणि ही माझी भुरी उठून रस्त्यावर जाते, शेपटी हलवत, पिंजऱ्याच्या दारापाशी उभी राहते. डॉक्टरीण तिला बिस्कीट देते, तिकडंबी द्यायची म्हणे, अंडीबी खायला द्यायची. गाडी गेली की वळणापर्यंत मागं जाते, तठं थांबते, इकडं बघते, तिकडं बघते. मंग येते घरी. आतापर्यंत तरी आली.

मंजुळा बोलते, अंड्याची चटक लागली, दुसरा काय नाय. असेलबी. पण बासानं सांगितलेला मी कसा विसरू, कान जठं पुरला तठंच कुत्रा जाणार? तुमी शिकलेल्या, तुमाला ऑफिसात बसायला खुर्ची देतील. देव तुमचा भला करो, पण एकदा जाऊन विचारा त्यांना, रागावू नका, गोड बोलून विचारा, भुरीचा दुसरा कान कुठं पुरला म्हणून. मिळाला तर मला आणून द्या. उंबऱ्याखाली जागा आहे अजून.