मेन बंद केला का?

गिझरचं नाव काढलं म्हणून सांगते. राजुऱ्याला खाणीच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा ऐन थंडीत आमच्या गिझरचं पाणी तापेना. रविवारी सकाळी लाइट गेली, तसे आमचे हे पेचकस घेऊन झाकण खोलायला बसले.

शेजारचे वायरमन भाऊ दारातूनच म्हणाले, "मेन बंद केला का?"

"लाइटच नाई नं, भाऊ."

"तरी कर. लाइट काई तुले विचारून येत नाई."

यांनी कुरकुरत मेन बंद केला, झाकण खोललं आणि तार बोटात धरली. तेवढ्यात शेजारी भाऊंचा रेडिओ गायला लागला. लाइट आली होती.

यांनी हळूच तार सोडली.

भाऊंनी वाकून पाहिलं. "तार जळली हाये. उद्या नवी टाकतो."

यांनी थंड पाण्यानं आंघोळ केली.