बरा झालेला खांदा

सासूबाई: जावईबापू, झालं का? पावणेनऊ वाजले.

रंगारी: झालंच, आई. तुम्ही पुढे व्हा ना.

सासूबाई: दहा मिनिटांपूर्वीही "झालंच" होतं. खोलीला रंग देताय की काय आतून?

रंगारी: शर्ट घालतोय.

सासूबाई: मग कण्हतंय कोण?

रंगारी: गाणं म्हणतोय. उपासनेची तयारी.

सासूबाई: छत्तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते मी. गाणं कुठलं आणि कण्हणं कुठलं, झोपेतही कळतं मला. दार उघडा.

रंगारी: उघडलं असतं हो. पण एक हात बाहीत आहे आणि दुसरा नक्की कुठे आहे ते बघावं लागेल.

सासूबाई: मी आत येतेय.

(ती आत येते. बटणं लावलेला शर्ट त्याच्या डोक्यावर अडकलाय. नाक तेवढं दिसतंय.)

सासूबाई: अगंबाई! हे काय ध्यान!

रंगारी: हसू नका, आई. जीव गुदमरतोय.

सासूबाई: मग हात वर करा, शर्ट आपोआप खाली येईल.

रंगारी: हो.

सासूबाई: करा की.

रंगारी: केला.

सासूबाई: हा वर? हा तर कमरेपाशी आहे.

रंगारी: आज जरा...

सासूबाई: जावईबापू. खांदा बरा झाला होता ना तुमचा?

रंगारी: झाला होता. म्हणजे, तसं मी म्हणालो होतो.

सासूबाई: थांबा. हलू नका. आधी ही बाही सोडवते. हं, आता डोकं. आला चंद्र ढगाबाहेर. आता माझ्याकडे बघून बोला.

रंगारी: नाही झाला, आई. एक दिवससुद्धा नाही.

सासूबाई: आणि ही बटणं कुणी लावून ठेवली?

रंगारी: तुमच्या मुलीने. तिला गायनाच्या सरावाला लवकर जायचं होतं, म्हणाली, डोक्यावरून घाला.

सासूबाई: म्हणजे तिलाही माहीत?

रंगारी: रोज तीच शर्ट घालते मला. केसही तीच विंचरते.

सासूबाई: वा! घरात सगळ्यांना ठाऊक, फक्त मी आणि देव सोडून.

रंगारी: देवाला ठाऊक असेल.

सासूबाई: मग मी एकटीच बावळट! अहो, पण का? खोटं बोलण्यासारखी माणसं आहोत का आम्ही?

रंगारी: त्या दिवशी तुम्ही चर्चच्या प्रार्थनागटातल्या अकरा जणी होतात, आई. तीन दिवस उपास केलेला. अर्धा तास माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत. तुमचे स्वतःचे गुडघे दुखतात, तरी उभ्या होतात. मग तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "कसं वाटतंय?" अकराच्या अकरा जणी माझ्या तोंडाकडे बघतायत. काय सांगणार?

सासूबाई: दुखतंय, असं सांगायचं.

रंगारी: तुमचा हिरमोड झाला असता. आणि देवाचंही बरं दिसलं नसतं.

सासूबाई: म्हणजे देवाची अब्रू तुम्ही राखलीत?

रंगारी: तेवढ्या वेळेपुरती. मला वाटलं, आज "बरा झाला" म्हणून टाकू, दोन-चार दिवसांत होईलच बरा. मग पाळकसाहेब म्हणाले, या रविवारी साक्ष द्या, देवाने कसं बरं केलं ते सगळ्यांसमोर सांगा. मग म्हणाले, वा, हात बरा झालाय तर चर्चचं छत तुम्हीच रंगवा. उद्यापासून काम सुरू.

सासूबाई: छत?

रंगारी: छत.

सासूबाई: या हाताने?

रंगारी: शिडी धरायला दोन माणसं देणार आहेत.

सासूबाई: हात धरायला कोण देणार आहेत? थांबा, मला आधी एक काम उरकू दे. (देवाला) प्रभू, मी बोलतेय. गेले तीन आठवडे रोज सकाळी जावयाच्या खांद्याबद्दल तुझे आभार मानतेय. ते परत घेते. काम झालेलं नव्हतं.

रंगारी: आई! असं परत घेता येतं?

सासूबाई: मी त्याच्याशी बोलतेय, मध्ये पडू नका. (देवाला) आणि तूसुद्धा काही बोलला नाहीस. मी आपली रोज उठून धन्यवाद, धन्यवाद. एकदा तरी खाकरायचंस.

देव: ...

सासूबाई: बघा. अजूनही नाही.

रंगारी: तुम्ही रागावलात.

सासूबाई: रागावले तर आहेच. पण वाईट कशाचं वाटतं सांगू? मी मागणं बंद केलं. अकराही जणींनी केलं. आम्ही पुढच्या माणसाकडे वळलो. तीन आठवडे तुमच्या खांद्यासाठी कुणीही मागत नव्हतं.

रंगारी: एकाने मागायला हवं होतं.

सासूबाई: कुणी?

रंगारी: मी.

सासूबाई: म्हणजे तुम्हीही नाही?

रंगारी: कुठल्या तोंडाने मागू? त्याच्या नावावर थाप मारली, आता त्यालाच जाऊन म्हणू की ती खरी करून दे?

सासूबाई: मग जेवायला बसताना डोळे मिटून काय पुटपुटत असता?

रंगारी: अन्नाचे आभार. तेवढं खरं होतं.

सासूबाई: बसा. त्या खुर्चीवर नको, इथे. आता बोला त्याच्याशी.

रंगारी: आत्ता? उशीर होईल.

सासूबाई: तीन आठवडे झालाच आहे. बोला.

रंगारी (देवाला): हे परमदयाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या, या मंगल प्रभातसमयी आम्ही तुझ्या पवित्र चरणांशी...

सासूबाई: आम्ही कोण?

रंगारी: मी.

सासूबाई: आणि या मंगल प्रभातसमयी तुम्ही शर्टात अडकला होतात. तिथून सुरुवात करा.

रंगारी: देवाशी असं बोलतात का?

सासूबाई: अहो, वॉर्डात असे पेशंट ढीगभर बघितलेत. डॉक्टर राउंडला आले की उशीला टेकून बसतात, केस सारखे करतात, "एकदम छान आहे, साहेब." डॉक्टर खूश, पुढच्या खाटेकडे. ते दाराबाहेर गेले की लगेच "सिस्टर, मेलो!" अरे, ज्याच्या हातात काही आहे त्याला सांग ना! मी काय करणार, उशी सरळ?

रंगारी: पटतंय, आई. आमच्या धंद्यातही तसंच असतं. भिंतीला ओल असली आणि वरून रंगाचा हात मारला की...

सासूबाई: उदाहरणं नकोत. प्रवचन पाळकसाहेब करतील.

रंगारी: त्यांचाच फोन वाजतोय.

सासूबाई: घ्या. मोठ्या आवाजावर ठेवा, मलाही ऐकू दे.

पाळक (फोनवर): काय रंगारीभाऊ, निघालात ना? तुमची साक्ष दुसऱ्या गीतानंतर ठेवलीय. एक करा, शेवटी दोन्ही हात असे उंच करून "देवाची स्तुती असो" म्हणा. मागच्या बाकावरच्यांनाही दिसू दे.

रंगारी: पाळकसाहेब, हात उंच होणार नाही.

पाळक (फोनवर): अहो, लाजताय काय!

रंगारी: लाजत नाहीये. होतच नाही. खांदा बरा झालेला नाही. तेव्हाही नव्हता झाला. मी खोटं बोललो.

पाळक (फोनवर): थोडासा तरी? म्हणजे पूर्वीपेक्षा?

रंगारी: पूर्वीपेक्षा जास्त दुखतोय. व्यायामाला दवाखान्यात जायचो तेही सोडलं. तिथे चर्चच्या मंडळीतलं कुणी भेटलं तर काय सांगू?

पाळक (फोनवर): अरे देवा. बाहेर फळ्यावर लिहून लावलंय हो मी. "आज विशेष साक्ष."

रंगारी: फळा मी पुसून देतो. तेवढं डाव्या हाताने जमतं.

पाळक (फोनवर): फळ्याचं नाही हो. लोकांचं काय? विश्वास डळमळेल त्यांचा.

सासूबाई: इकडे द्या तो फोन. पाळकसाहेब, मी बोलतेय. मंडळीचा विश्वास काय आमच्या जावयाच्या खांद्यावर टांगून ठेवलाय?

पाळक (फोनवर): तसं नव्हे, सिस्टर...

सासूबाई: मग झालं तर. दुसऱ्या गीतानंतर ते उभे राहतील, खरं काय ते सांगतील आणि खाली बसतील. दोन मिनिटं लागतील.

पाळक (फोनवर): आणि छत?

रंगारी: दुसऱ्या कुणाला द्या, पाळकसाहेब. मी खाली उभा राहून रंग कालवून देईन. छटा चुकू देणार नाही.

पाळक (फोनवर): हं. बरं. या तर खरं. मी... मी त्या प्रार्थना करणाऱ्या बायकांना कसं सांगायचं ते बघतो.

रंगारी: नको. ते मी सांगतो.

सासूबाई: ठेवला त्यांनी. घाम पुसा.

रंगारी: गेलं काम.

सासूबाई: गेलं.

रंगारी: बारा वर्षं त्या छताखाली बसतोय, आई. पोपडे कुठे कुठे सुटलेत ते तोंडपाठ आहे मला. प्रवचन चालू असताना मनातल्या मनात तीनदा रंगवून झालंय.

सासूबाई: तरीच प्रवचन कधी आठवत नाही तुम्हाला.

रंगारी: आणि नुसतं छत नाही हो. हात असाच राहिला तर? दुसरं काही येत नाही मला. चाळिशी उलटली. पोरांची शिक्षणं बाकी आहेत. सकाळी जाग येते तेव्हा आधी हात उचलून बघतो, मग डोळे उघडतो.

सासूबाई: हे मला का सांगताय?

रंगारी: तुम्ही समोर आहात म्हणून.

सासूबाई: मी दाराकडे तोंड करून बसते. हं, बोला.

रंगारी (देवाला): देवा. दुखतंय.

सासूबाई: हं.

रंगारी (देवाला): मला राग आलाय. तुझाच. अकरा जणी तीन दिवस उपाशी राहिल्या, आणि तू... जाऊ दे.

सासूबाई: जाऊ का द्यायचं?

रंगारी (देवाला): तू काही केलं नाहीस. मग तुझ्या वतीने मीच "बरा झाला" म्हणून टाकलं. चुकलं माझं. आणि भीती वाटते. खूप. एवढंच आहे माझ्याकडे. चांगले शब्द नाहीत.

सासूबाई: मागा मग.

रंगारी: परत?

सासूबाई: परत. खांदा कुठला ते सांगा.

रंगारी: तुम्हाला माहीत आहे की.

सासूबाई: मला आहे. त्याला सांगा.

रंगारी (देवाला): उजवा.