सम तारखेचा कामगार

मी, वय १८ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा लाँड्रीच्या कारखान्यात चादरींना इस्त्री (दिवसाआड), राहणार कारखान्यामागची खोली नंबर सहा, खिडकीकडची खाट, आज सोळा तारखेला ठाण्यात बसवून विचारल्यावरून सांगतो ते असे की,

वरील खोलीत मी आणि माझा मित्र राहतो. तो माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा आहे, म्हणून त्याला थोरला म्हणावं लागतं. पंधराव्या वर्षी गाव सोडलं तेव्हापासून आम्ही सोबत आहोत. भांडण कधीच झालेलं नाही. दोनदा बोलणं बंद होतं, ते यात धरू नये.

सात महिन्यांपूर्वी कारखान्यात एकच जागा निघाली. ती थोरल्याला मिळाली. तो म्हणाला, "एकटा नाही जात, लेका. विषम तारखा माझ्या, सम तुझ्या." कार्ड त्याच्या नावाचं, त्यावरचा फोटो वाफेने पहिल्याच महिन्यात गेला. चादरी दवाखान्याच्या, त्यामुळे सगळे टोपी आणि मास्क लावतात आणि कारखान्याला सुटी नसते. हजेरीच्या वहीत मी त्याची सही करायचो. ती त्यानेच तीन संध्याकाळी बसून शिकवली. एकतीस तारखेनंतर लगेच एक तारीख येते, तेव्हा त्याला लागोपाठ दोन दिवस पडत. त्याबद्दल त्याने कधी तोंड उघडलं नाही.

कोणाला काही कळलं नाही. सुपरवायझर उलट खूश होते. "बाकीची पोरं चार दिवसांत मरगळतात, आणि हा बघा, रोज ताजा!"

चौदा तारखेला मला ताप होता म्हणून थोरला गेला. त्या दिवशी मालक आले. त्यांनी 'न थकणारा कामगार' म्हणून त्याचा सत्कार केला आणि मास्क काढायला लावून फोटो घेतला. हे मला आज कळलं. त्या संध्याकाळी त्याने माझ्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, फोटोचं बोलला नाही.

आज सकाळी सात वाजता मी गेटवर गेलो. तिथे तो फोटो काचेत लावला होता. वॉचमनने सात महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग फोटोकडे. म्हणाला, "तू कोण रे?"

मी म्हणालो, "मीच तो."

"तोंड बघितलंस का आरशात? चल, सटक."

मग मी हातातला डबा मारून काच फोडली. फोटोला धक्का लावलेला नाही. त्यावरच्या काचा मीच झटकल्या.

सुपरवायझरनी ठाण्यात सांगितलं की हा इसम आमच्याकडे कधीच कामाला नव्हता. जबाब लिहिणारे साहेब धंद्यापुढे 'बेकार' लिहू लागले, ते मी बदलून घेतलं. मग खिशातली टोपी आणि मास्क लावून दाखवला. सुपरवायझर ताडकन उठले, "अरे, हा तर आमचा न थकणारा!" मास्क काढल्यावर म्हणाले, "हा नव्हे."

थोरल्याला खोलीवरून आणलं. सुपरवायझर त्याच्या कानाशी म्हणाले, "ओळखत नाही म्हण. तुझी नोकरी राहील." ते मला ऐकू आलं. साहेबांनी विचारलं, "ह्याला ओळखतोस?" मी भिंतीकडे बघत होतो.

मग थोरला म्हणाला, "साहेब, हा सम तारखेचा मी आहे." आणि गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

मी त्याला विचारलं, "फोटोचं का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सत्कार तुझ्या तारखेला मिळाला, कुठल्या तोंडाने सांगू?"

सुपरवायझर म्हणाले, उद्यापासून दोघांनीही यायचं नाही. सात महिन्यांत आम्हाला एकाच दिवशी सुटी पहिल्यांदाच मिळते आहे.

हे सगळं साहेबांनी मला वाचून ऐकवलं. मी बोललो तसंच उतरलं आहे. सही करता येते, पण एकच येते, थोरल्याची. साहेब म्हणाले चालणार नाही, अंगठा दे. थोरला म्हणाला, "करू द्या साहेब. आज सोळा तारीख आहे."

म्हणून खाली तीच केली आहे.