चेटकिणीची सोंगटी

माझ्यासारखी बावळट बाई अख्ख्या भिवंडीत सापडणार नाही, ऐका. माझी लेक जादूच्या राज्याचा व्हिडिओ गेम बनवतेय. त्यात चेटकिणीला सारीपाटात हरवलं की पुढचं दार उघडतं. सारीपाटाचे नियम मी सांगितले. वीस वर्षं सासूबाईंशी खेळतेय ना! त्यातला पहिलाच, "मोठ्यांची सोंगटी मारायची नाही."

कॉलेजात गेम दाखवायच्या आदल्या दिवशी लेक रडकुंडीला आली. "मम्मी, कोणीच जिंकत नाय! चेटकीण नऊशे वर्षांची आहे, तिची सोंगटी मारणार कोण?"

मी तडक सासूबाईंना विचारलं, "आई, हा नियम खरंच आहे?"

त्या लसूण सोलत म्हणाल्या, "तू माझी पहिली सोंगटी मारलीस, त्या दिवसापासून आहे."