याम्बाच्या पंपावर

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या याम्बात, पेट्रोल पंपावर नोरीनची गाडी रांगेत दुसरी होती. पुढच्या गाडीच्या टपावर उभं राहून वल्हवायची लांब फळी बांधलेली होती. एक म्हातारा आपली गाडी कडेला लावून त्या गाडीतल्या मुलीपाशी आला.

“ब्रॉनी, फळी उलटी बांधलीस की गं!”

“उलटीच बांधतात, बाबा. शेपटीचा पंख वर आणि पुढे. पट्टा ढिलावला तरी पंख अडतो, फळी मागे उडून जात नाही.”

“आणि पट्ट्याला पीळ कसला पडलाय?”

“मुद्दाम दिलाय. नाहीतर वाऱ्यानं रस्ताभर घुंघुं करतो.”

“बॉनेटला दोर कशाला पण? अँगोरीचा किनारा तर दहा मिनिटांवर!”

“अँगोरीला नाही चालले.”

“मग?”

“पर्थला. नोकरी लागली, सांगितलं होतं ना? तुझ्याकडेच येत होते, निरोप घ्यायला.”

“ते पुढच्या महिन्यात ना?”

“हाच तो पुढचा महिना, बाबा.”

“मग रविवारी जेवायला?”

“बाबा…”

“मी मटण बाहेर काढून ठेवलंय.”

“पाच दिवसांचा रस्ता आहे रे.”

म्हाताऱ्यानं पट्टा ओढून पाहिला.

“हा ढिला आहे.”

“घट्ट आहे. फार आवळला तर फळीला चीर जाते.”

“ढिलाय म्हणतो ना! सोड, मी पहिल्यापासून बांधतो.”

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. नोरीननं खिडकीतून हात काढून त्याला थांबायची खूण केली.

ब्रॉनीनं पट्टा सोडला.

“बांध, बाबा. सावकाश बांध.”